शाळा सरकारची की गावाची?

आमच्या गावच्या पारावर संध्याकाळी चार माणसे बसतात. नोकरीतून मोकळा झाल्यापासून मीही तेथे जाऊन बसतो. एके दिवशी शाळेची गोष्ट निघाली. एक शेतकरी म्हणाला, "गुरुजी, पाऊस लागला की शाळंचं छप्पर गळतंय. पोरं एका कोपऱ्यात दाटीनं बसत्यात."

मी विचारले, "मग तुम्ही काय केलंत?"

तो म्हणाला, "आमी काय करनार? शाळा सरकारची, पैका सरकारचा, मास्तर सरकारचा. आमी त्यात बोलनारं कोन?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या रात्री नीट झोप आली नाही. मी स्वतः मॅट्रिक झालेला साधा मास्तर. छत्तीस वर्षे शाळेत काढली. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो. लोकांनी शाळेला परकी समजावे, यात माझाही थोडा दोष आहे. तो कसा, ते पुढे सांगतो. आधी पैशाची गोष्ट समजून घेऊ.

पैसा येतो कोठून?

सरकारजवळ जो पैसा असतो, तो तुमच्याआमच्याकडूनच गेलेला असतो. तुम्ही साबणाची वडी घेता, पायात चप्पल घेता, मोटारसायकलीत पेट्रोल भरता. त्या किमतीत कर धरलेला असतो. मजुरी करणारी बाई साबण घेते, तेव्हा तीही कर भरते. म्हणजे शाळेच्या पैशात तिचाही पैसा आहे.

हा पैसा शाळेपर्यंत तीन वाटांनी येतो.

पहिली वाट शिक्षकांच्या पगाराची. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो. शाळेवर होणाऱ्या खर्चात हाच भाग सर्वांत मोठा असतो.

दुसरी वाट मुलांना मिळणाऱ्या वस्तूंची. पाठ्यपुस्तके येतात. दुपारचे जेवण येते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो.

तिसरी वाट अनुदानाची. अनुदान म्हणजे ठरलेल्या कामासाठी सरकारने दिलेली रक्कम. ती परत करायची नसते, पण तिचा हिशेब द्यावा लागतो. २०१८ साली समग्र शिक्षा नावाची योजना सुरू झाली. तिच्यात १०० रुपयांपैकी ६० रुपये केंद्र सरकारचे आणि ४० रुपये राज्याचे. तिच्या नियमांत ३१ ते १०० मुलांच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये धरले आहेत. १०१ ते २५० मुले असली तर ५० हजार. यातून खडू, विजेचे बिल, किरकोळ दुरुस्ती, साफसफाई असा खर्च करायचा. नियमात असते तेवढी रक्कम हातात पडतेच असे नाही. कधी उशिरा येते, कधी कमी येते. म्हणून यंदा किती आली, हे दर वर्षी विचारावे.

आता एक हिशेब करा. लहान शाळेचे वर्षाचे अनुदान २५ हजार. कायम शिक्षकाचा एका महिन्याचा पगार याहून जास्त असतो. मग शाळेतील सर्वांत मोलाची वस्तू कोणती? भिंतीचा रंग नव्हे. शिक्षक वर्गात उभा राहून शिकवतो, तो वेळ सर्वांत मोलाचा. तो वेळ वाया गेला की आपला सर्वांत मोठा पैसा वाया गेला.

२००३ साली आपल्या देशात ३ हजारांहून जास्त प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या गेल्या. तेव्हा चार शिक्षकांमागे एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्रात ही गैरहजेरी इतर राज्यांपेक्षा कमी होती, तरी १०० मागे १५ च्या आसपास होती. सगळेच कामचुकार होते असे नाही. कोणी रजेवर होते, कोणी सरकारी कामाला गेले होते. पण वर्ग रिकामा राहिला तर मुलाचे नुकसान व्हायचे ते होतेच.

आधीच्या काळात काय होते?

हा प्रश्न आजचा नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली होती. तिला लोकल फंड म्हणत. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. पट्टी शेतकरी भरत होता, पण बहुतेक खेड्यांत शाळाच नव्हती. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर साहेबांच्या आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले. सरकारी खजिना शेतकऱ्यांच्या घामावर भरतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या लोकांना होतो, असे त्यांनी सांगितले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांनी मागणी केली.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले. १९०६ साली ते साऱ्या संस्थानाला लागू केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. राजाने खजिना उघडला, म्हणून तेथे शाळा उभ्या राहिल्या.

मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या हाती दिल्या. हेतू चांगला होता. पण बदल्या आणि नेमणुका यांत गावोगावचे राजकारण शिरले, अशा तक्रारी होऊ लागल्या. म्हणून १९३८ साली सरकारने बरेच अधिकार परत आपल्याकडे घेतले. स्वराज्य आल्यावर, १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या.

यावरून काय दिसते? सगळी सत्ता वर ठेवली, तर वरच्याला गावातले गळके छप्पर दिसत नाही. सगळी सत्ता गावात दिली, तर ती एखाद्या तटाच्या हाती जाण्याचे भय असते. दोघांनी मिळून भार उचलावा लागतो. म्हणून पुढे २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देणे ही सरकारची जबाबदारी ठरली. आणि शाळेवर लक्ष ठेवायला शाळा व्यवस्थापन समिती आली.

या समितीत चारांपैकी तीन सदस्य पालक असावे लागतात. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गोरगरीब आणि मागे राहिलेल्या समाजांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांतूनच निवडतात. मुख्याध्यापक सचिव असतो. शाळा कशी चालते ते पाहणे, शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेला पैसा कसा खर्च होतो त्यावर नजर ठेवणे, ही समितीची कामे. आराखडा म्हणजे पुढे काय काय करायचे त्याची आखणी.

कागदावर हे सारे छान आहे. आता माझी चूक सांगतो.

सही घेत फिरणारा मास्तर

हा कायदा लागू होऊन दोन वर्षे झाली होती. आमच्या शाळेत ६४ मुले, दोन खोल्या आणि आम्ही दोन शिक्षक. समिती नेमली होती. दर महिन्याला बैठक घ्यायची होती. पण लोक शेतात जात. मीही कंटाळा करी. महिना संपत आला की मी घरी बसून बैठकीचे इतिवृत्त लिहून काढी. इतिवृत्त म्हणजे बैठकीत काय बोलणे झाले, काय ठरले, त्याची नोंद. शेवटी लिहायचे, "सर्वानुमते मंजूर." मग एका मुलाच्या हाती वही देऊन घरोघर पाठवायचे. कोणी सही करी, कोणी अंगठा देई. वही संध्याकाळपर्यंत परत येई. मला त्यात काही गैर वाटत नव्हते. सगळीकडे असेच चालते, असे मी मनाला सांगत होतो.

एका महिन्यात वही परत आली नाही. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एक बाई ती घेऊन स्वतः शाळेत आल्या. भांगलणीला जायची घाई होती. डोक्यावर भाकरीची पाटी होती. या बाई नुकत्याच रात्रीच्या वर्गात लिहायला वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवले. एकेक अक्षर जुळवत त्यांनी ती ओळ वाचली. शाळेच्या दर्शनी भिंतीला रंग देण्याच्या ठरावाला त्यांनी अनुमोदन दिले, असे तेथे लिहिले होते.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "अनुमोदन म्हंजी काय?"

मी म्हणालो, "पाठिंबा दिला, असा अर्थ."

"मी कवा दिला? त्या दिशी तर मी रानात हुते."

मला काही बोलता येईना. त्या पुढे म्हणाल्या, "भिताड रंगवायचं कुनी ठरवलं? पोरींच्या संडासाचं दार मोडलंय. माझी पोरगी दुपारच्याला घरी येती ती परत साळंत जात न्हाई. तिला विचारलं तर रडती. आधी दार बसवा, मग काय रंगवायचं ते रंगवा."

खरे सांगायचे तर वरचे साहेब भेटीला येणार होते, म्हणून मी रंगाचा बेत केला होता. दुपारनंतर वर्गात मुली कमी दिसतात, हे मलाही दिसत होते. पण घरी काम असेल, असे मी समजत होतो. मुलींना शाळेत अडचण काय आहे, हे ज्या माउलीला ठाऊक होते तिला मी कधी विचारलेच नव्हते. तिच्या नावाने मीच अनुमोदन लिहिले होते.

त्या आठवड्यात पहिली खरी बैठक झाली. आम्ही ती रात्री आठ वाजता देवळात घेतली, म्हणजे कोणाचा रोज बुडू नये. मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि हिशेब वाचून दाखवला. त्या वर्षी शाळा अनुदानाचे ५ हजार आणि दुरुस्तीचे ५ हजार आले होते. आधी दार आणि कडी, मग पाण्याची टाकी, मग उरले तर रंग, असे ठरले. दार बसले. रंग अर्ध्याच भिंतीला लागला. साहेब आले तेव्हा ती अर्धी भिंत तशीच होती. पण दुपारच्या हजेरीत मुली होत्या.

पैसा तोच होता. तो कोठे लावायचा, हे ठरवणारी माणसे बदलली, एवढेच.

पैशाने काय होते आणि काय होत नाही?

पैसा नको, नुसती देखरेख पुरे, असे मात्र कोणी समजू नये. पैसा लागतोच. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून शिजवलेले जेवण द्या, असा हुकूम केला. पोटात अन्न पडल्यावर मूल शाळेत टिकते, हे पुढे ठिकठिकाणी दिसून आले. ज्या शाळांत स्वच्छतागृहे बांधली, तेथे मुलांचा पट वाढला, असेही अभ्यासातून दिसले. मोठ्या मुलींसाठी तर वेगळे स्वच्छतागृहच लागते.

पण पैसा आला की विद्या आपोआप येत नाही. याचे एक उदाहरण आंध्र प्रदेशातले आहे. तेथे २००५ नंतर काही सरकारी शाळांना मुलामागे वर्षाला सुमारे १२५ रुपये जादा देण्यात आले. शाळांनी वह्या, पाट्या असे साहित्य घेतले. पहिल्या वर्षी त्या शाळांतील मुले परीक्षेत थोडी पुढे गेली. दुसऱ्या वर्षी मात्र फरक पडेनासा झाला. असे का झाले? आता वह्या शाळेतून मिळणार, हे पालकांना आधीच कळले होते. म्हणून त्यांनी घरचा खर्च तेवढा कमी केला. मुलाच्या हाती वह्या होत्या तेवढ्याच राहिल्या. पालकांचे चार पैसे वाचले, त्यांना दोष देता येणार नाही. पण सरकारने एक वही दिली, तर घरचा पैसा मुलाच्याच दुसऱ्या गरजेला लावावा, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

नुसती समिती नेमून भागते का?

तेही भागत नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली २८० गावांत एक प्रयोग झाला. तेथे गावोगावी शिक्षण समित्या नेमलेल्या होत्या. पण १०० पालकांपैकी ९२ जणांना अशी समिती आहे, हेच ठाऊक नव्हते. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत, हेही ठाऊक नव्हते!

मग काही गावांत सभा घेऊन लोकांना त्यांचे अधिकार समजावून सांगितले. लोकांनी ऐकले आणि घरी गेले. शाळेत काही फरक पडला नाही. आणखी काही गावांत लोकांना मुलांचे वाचन तपासायला शिकवले. तेवढ्यानेही मुलांच्या वाचनात फरक दिसला नाही. उरलेल्या काही गावांत एक पाऊल पुढे टाकले. गावातल्याच शिकलेल्या तरुणांना मुलांना वाचायला कसे शिकवावे, ते दाखवून दिले. त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घेतले. ज्या मुलांना अक्षरही येत नव्हते आणि जी त्या वर्गांना आली, ती वाचू लागली.

शाळेचा कारभार तेवढ्याने सुधारला असे नाही. पण एक गोष्ट दिसली. "तुमचा अधिकार आहे" एवढे सांगून माणूस उठत नाही. हाताला ठरावीक काम दिले की तो उठतो.

कोणते काम कोणाचे?

आमच्या गावालाही हे पुढे कळले. ६४ मुलांना कायद्याने तीन शिक्षक हवे होते. ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० मुलांना तीन, असे कायद्याच्या परिशिष्टात लिहिले होते. आम्ही दोघेच होतो. गावाने दार बसवले, पण गाव शिक्षक नेमू शकत नाही. ते काम वरच्या कार्यालयाचे. समितीने ठराव केला, अर्ज दिला. उत्तर आले नाही. पुन्हा दिला. तिसऱ्या वेळी समितीतल्या चार बाया स्वतः अर्ज घेऊन गेल्या आणि पोच घेऊन आल्या. तिसरा शिक्षक दीड वर्षाने मिळाला. त्या दीड वर्षात जी मुले मागे पडली, त्यांचे नुकसान कोणी भरून दिले नाही. गाव कितीही जागे असले, तरी सरकारने आपला वाटा उचलला नाही तर मुलांनाच भोगावे लागते.

उलट बाजूही सांगतो. समिती म्हणजे मास्तराला धाकात ठेवण्याचे साधन नव्हे. गावातले भांडण शाळेत आणू नये. आपल्या तटाचा नाही म्हणून शिक्षकाच्या तक्रारी करू नयेत. कायद्याने शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि संकटातील मदत एवढीच बाहेरची कामे सांगता येतात. याहून जास्त कामे लादली जात असतील, तर शिक्षकाच्या बाजूने समितीने बोलावे. चांगल्या शिक्षकाला गावाचा आधार वाटला, तर तो जीव ओतून शिकवतो.

आता तुम्ही काय कराल?

१. तुमच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे, ते शाळेत जाऊन पाहा. बैठक कधी असते, ते विचारा.

२. समितीत असाल तर वही वाचल्याशिवाय सही करू नका. न समजलेला शब्द विचारा. त्यात लाज नाही.

३. वर्षातून दोनदा तरी तीन प्रश्न विचारा. किती आले? कशावर गेले? किती उरले? कीर्द आणि पावत्या पाहायला मागा. कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही.

४. घरी मुलाला दुसरीचे पुस्तक द्या आणि एक पान वाचायला सांगा. तिसरी-चौथीतले मूल अडखळत असेल, तर शिक्षकांना भेटा. रागाने नव्हे, काळजीने बोला.

५. काम सरकारच्या हातातले असेल तर लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. ती जपून ठेवा.

आता पारावरच्या त्या शेतकऱ्याचे सांगतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला शाळेत घेऊन गेलो. भिंतीवर समितीच्या सदस्यांची यादी लावली होती. त्याने ती सावकाश वाचली आणि तो मध्येच थांबला. यादीत त्याच्या बायकोचे नाव होते! तिला ते ठाऊक नव्हते आणि त्यालाही नव्हते. कोणीतरी घरी वही पाठवली होती आणि तिने सही केली होती.

"गुरुजी, आता काय करायचं?" त्याने विचारले.

"काय करायचं ते तिलाच विचार," मी म्हणालो.

पुढच्या बैठकीला ती माउली गेली. बैठकीच्या वहीत पहिला विषय तिने स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर वाकडे होते. काना एके ठिकाणी राहून गेला होता. पण वाचता येत होते. "शाळेचे छप्पर गळते."